बेळगावातून बर्फाच्या माथ्यावर : केदारकंठ्याच्या पहिल्या हिवाळी चढाईची तयारी

पहाटे राजहंसगडावर जाऊन सूर्योदय बघणारे, वैजनाथ-महिपाळगड एका दमात करणारे, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे भिजायला जाणारे लोक आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात पुष्कळ आहेत. दिवाळी संपली की त्यांच्यातलेच काही जण विचारायला लागतात, ‘आता एकदा बर्फातलं शिखर करायचंय, काय काय लागेल?’ हा लेख त्यांच्यासाठी. उदाहरणाला उत्तराखंडातलं केदारकंठा घेतलं आहे. ते उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद वन्यजीव अभयारण्याच्या भागात येतं. उंची साडेबारा हजार फूट, म्हणजे सुमारे ३,८०० मीटर. भर हिवाळ्यात नवख्या माणसाला बर्फातून थेट माथ्यापर्यंत जाता यावं अशी शिखरं आपल्या देशात फार नाहीत, त्यातलं हे एक.

आपल्याकडचा माणूस थंडीच्या धास्तीने खरेदी करत सुटतो. दोन स्वेटर, तीन मफलर, माकडटोपी. थंडीचं काय, तिला कपडे आहेत. लक्ष द्यायचं ते अंगावरच्या ओलीकडे आणि हातातल्या घड्याळाकडे. बर्फात माणूस अडचणीत येतो तो बहुतेक वेळा घामाने भिजल्यामुळे किंवा निघायला उशीर केल्यामुळे. पुढचं सगळं याच दोन गोष्टी धरून लिहिलं आहे.

कधी जावं

नाताळच्या सुट्टीत जाऊ नका. सगळा देश तेव्हाच तिकडे लोटतो, पायवाटेवर रांग लागते, आणि इतकं करून त्या वर्षी बर्फ उशिरा आला तर खालचा टप्पा कोरडाच दिसतो. हिमालयात हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमी झंझावातांमुळे. आपल्या मोसमी पावसाशी त्याचा संबंध नाही आणि त्याचं वेळापत्रकही तसं ठरलेलं नसतं. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा. मार्चमध्येही वर बर्फ असतो, पण ऊन चढलं की तो लवकर मऊ पडतो आणि चालणाऱ्याची दमछाक होते. निघण्याच्या आठवड्यात हवामान खात्याचा उत्तराखंडाचा अंदाज रोज बघा. झंझावात येणार असेल तर तारीख एक-दोन दिवस मागे-पुढे करता येईल इतकी सवड आधीच ठेवलेली बरी.

पहिल्या खेपेला एकट्याने किंवा नुसत्या मित्रांच्या टोळक्याने जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एखाद्या आयोजकाबरोबर जा, नाहीतर चढाई जिथून सुरू होते त्या सांकरी गावातला वाटाड्या घ्या. तिथल्या पोरांचा जन्म त्या बर्फात गेलेला असतो. त्यांना ‘भैजी’ म्हणून हाक मारा, ते मोकळे होतात. वनखात्याचा परवाना लागतो, ओळखपत्राच्या दोन-चार प्रती लागतात, आणि प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरचा दाखला मागितला जातो. दाखला नुसता सही-शिक्क्यापुरता घेऊ नका. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरला उंचीचा आकडा सांगून विचारा.

आधीचे दोन महिने

पाच किलोमीटर अंतर चाळीस मिनिटांच्या आत, न थांबता, फार धापा न टाकता धावता आलं पाहिजे. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी धावणारे बरेच असतात, त्यांच्यात सामील व्हा. पण धावणं म्हणजे अर्धीच तयारी. उरलेली अर्धी पाठीवर सात-आठ किलो घेऊन चढण्याची. त्यासाठी येळ्ळूर गावातून राजहंसगड पायी करा. गाडी वर नेऊन शेवटच्या पायऱ्या चढायच्या, याला सराव म्हणत नाहीत. पुढच्या रविवारी सीमेपलीकडे देवरवाडीला जा, वैजनाथ करून वर महिपाळगडापर्यंत चढा आणि त्याच वाटेने उतरा. उतरण्याचा सराव लोक विसरतात. बर्फात गुडघे बोलायला लागतात ते उतारावर.

आणखी एक सराव आपल्याला फुकटात मिळतो. चोर्ला घाट उतरून आपण गोव्याला नाहीतरी जातोच. तिथे किनाऱ्यावरच्या ओल्या, घट्ट वाळूतून नव्हे, तर वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून बूट घालून अर्धा-पाऊण तास चाला. पाऊल मागे सरकतं, पोटऱ्या भरून येतात. मऊ बर्फात नेमकं हेच होतं. भीमगड अभयारण्याच्या जंगलात मात्र परवानगीशिवाय शिरू नका, सरावाचं निमित्त वनखातं ऐकून घेणार नाही.

बूट विकत घेणार असाल तर दोन महिने आधी घ्या आणि याच सरावात वापरून पायाला सवयीचे करून घ्या. जाड मोजा घालूनही पुढे बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात रक्त नीट खेळत नाही आणि पाय गारठतात. एक साधी गोष्ट : निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख बुटाला आपटून काळंनिळं होतं.

कपडे

बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर आहे. हवा दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे केदारकंठ्याचा माथा नुसत्या उंचीच्या हिशेबानेच आपल्यापेक्षा वीस अंशांनी गार. तो उत्तरेला आहे, त्याचा गारठा आणखी वेगळा. रात्री तंबूबाहेर पारा उणे दहाच्या खालीही जातो. ‘आम्हाला बेळगावची थंडी आहे की सवयीची’ हे वाक्य सांकरीतच सोडून पुढे जायचं.

सुती काहीही अंगाला लागू द्यायचं नाही. बनियनसुद्धा नाही. सूत घाम पिऊन ओलं राहतं, आणि आपण थांबलो की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स तर बर्फात भिजली की फळीसारखी कडक होते. लोकरीचं तसं नाही, ती ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. खानापूरकडचे धनगर भर पावसात घोंगडं पांघरून गुरांमागे उभे असतात, त्यामागचं शास्त्र हेच. तरी घोंगडं घेऊन जा असं मी म्हणत नाही, त्याच्या वजनाने वाटेतच जीव जाईल.

अंगालगत थर्मल, म्हणजे लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा अंगाबरोबर बसणारा कपडा. त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा उबदार कपडा. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट, तशीच पँट. पिसांचं फुगीर जॅकेट चढताना घालायचं नाही, ते थांबल्यावरचं आणि तळावरचं. इथे नवे लोक हमखास चुकतात. सकाळी गारठा असतो म्हणून सगळं अंगावर चढवून निघतात, आणि अर्ध्या तासात पाठ घामाने चिंब. त्यापेक्षा निघताना थोडं गार वाटेल इतकेच कपडे ठेवा. पाच-दहा मिनिटांत अंग तापतं. तापलं नाही तर एक थर चढवायला कितीसा वेळ लागतो? आणि विश्रांतीला थांबलात की, थंडी वाजायची वाट न बघता, ताबडतोब फुगीर जॅकेट अंगात. चालायला लागलात की काढून परत पिशवीत. दिवसातून दहा वेळा हे करायला कंटाळा येतो, ग्रुपमधले हसतात, हसू दे.

हातमोजे दोन : आत पातळ, वर जाड आणि पाणी न शिरणारे. पातळ मोजा घालूनच चेन, नाड्या, मोबाइल हाताळायचे. उघडा हात बाहेर काढावाच लागू नये. पायमोजे चालण्याचे दोन-तीन जोड, आणि एक जोड फक्त झोपण्यासाठी. तो दिवसा पिशवीच्या तळातून बाहेर काढायचाच नाही, मग कितीही मोह होवो. बूट आतून ओले झालेच तर कोरडा मोजा, त्यावर ब्रेडची रिकामी पिशवी आणि मग बूट. दिसायला गबाळं दिसतं, पण पाय कोरडा राहतो.

गॉगल शोभेचा नको. ताजा बर्फ उन्हातले ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि उंचीबरोबर त्यांची तीव्रताही वाढत जाते. डोळे उघडे ठेवून दिवसभर चाललात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. बाजूनेही उजेड अडवणारा, अतिनील किरण पूर्ण थोपवणारा गॉगल घ्या. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. बर्फावरचं ऊन खालून वर येतं.

काटे, गेटर आणि स्नोशू

चित्रांत बघून बऱ्याच जणांना वाटतं की बर्फात स्नोशूशिवाय, म्हणजे बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटींशिवाय, पाऊल टाकता येत नाही. केदारकंठ्याच्या वाटेवर रोज इतके पाय पडतात की बर्फ दाबून घट्ट झालेला असतो. तिथे लागतात मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर रबराने ताणून बसवायचे साखळीचे काटे, आणि बुटात बर्फ शिरू नये म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायचे गेटर. बूट, काटे, गेटर, काठ्या सांकरीत भाड्याने मिळतात. घेताना काट्यांची प्रत्येक साखळी ताणून बघा, गेटरची चेन लावून आणि खालचा पट्टा बुटाखालून घेऊन बघा. रात्री तीन वाजता टॉर्चच्या उजेडात चेन तुटकी निघाली तर तिथे दुकान नसतं.

स्नोशूची गरज पडते ती ताजा, मऊ बर्फ भरपूर पडल्यावर. खानापूरकडे रोप लावणीच्या चिखलात पाय गुडघ्याएवढा रुततो आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं, तशी गत होते, फक्त चिखलाच्या जागी गार बर्फ. स्नोशू आपलं वजन मोठ्या जागेवर पसरतात, त्यामुळे रुतणं कमी होतं. पूर्ण थांबत नाही, हेही लक्षात असू द्या. सांकरीत ते मिळतीलच असं धरून चालू नका, हवेच असतील तर आयोजकाला आधी विचारून ठरवा. फक्त स्नोशूची हौस असेल तर गुलमर्ग किंवा मनालीकडे एक-दोन दिवसांची सोपी चाल करून बघणं जास्त सोयीचं.

मिळाले तर घालायचे कसे? आकार वजनावर ठरतो, आणि वजन म्हणजे तुमचं अधिक पाठीवरच्या पिशवीचं. पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला येतील असे डावा-उजवा ओळखा. चवड्याचा रुंद भाग बरोबर बिजागरीवर आला पाहिजे. टाच स्नोशूला जखडायची नाही, ती मोकळी उचलली जाते आणि स्नोशूचं शेपूट बर्फावर घसटत येतं. आधी चवड्यावरचा पट्टा आवळा, मग टाचेमागचा. शंभर पावलं चालून परत आवळा, कारण पहिल्यांदा ते सैल पडतातच. चालताना पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाका, नाहीतर एका पायाने दुसऱ्याच्या स्नोशूवर उभं राहाल आणि तोंडावर पडाल. मागे पाऊल टाकायचा प्रयत्न करू नका, वळायचं तर मोठा गोल घेऊन वळा. चढावर चवड्याखालचे दात बर्फात रोवा. टाचेखाली उभी करायची तार असेल तर उभी करा, पोटऱ्यांवरचा ताण उतरतो. उतारावर गुडघे थोडे वाकवून भार टाचेकडे. उताराला आडवं जायचं असेल तर स्नोशू भरवशाचे नाहीत, तिथे ते बाजूला घसरतात. काठ्यांना खाली रुंद चकत्या असल्याच पाहिजेत. चकती नसलेली काठी मुठीपर्यंत आत जाते.

सांकरीपर्यंत

बेळगावातून गोवा एक्स्प्रेस संध्याकाळी पकडली की दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीला हजरत निजामुद्दीन स्थानकावर उतरता येतं. तिथून त्याच दिवशी डेहराडून गाठा, रात्री तिथेच झोपा. डेहराडून ते सांकरी सुमारे दोनशे किलोमीटर, पण मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नैटवाड असा वळणावळणाचा रस्ता आहे, आठ ते दहा तास जातात. सकाळी लवकर निघा. घाटात उलटी होणाऱ्यांनी गोळी आधी घ्या, मसुरीत पोचल्यावर नको. पैसे पुरोल्यात काढून ठेवा, आणि घरच्यांना शेवटचा निवांत फोनही तिथूनच करा.

खाण्याचं सांगायलाच हवं. आपल्या गाठोड्यात या कामाला आलेला सर्वांत चांगला पदार्थ म्हणजे गोकाकचा करदंट. डिंक, गूळ, सुकामेवा. थंडीत टिकतो आणि दोन तुकड्यांत तास निघतो. मात्र घरूनच त्याचे बोटाएवढे तुकडे करून न्या, गारठ्यात तो दाताला दाद देत नाही. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी रेल्वेत उत्तम, वर तोंड कोरडं पडत असल्याने घशाखाली उतरत नाही. कुंदा नेऊ नका असं कसं म्हणू, पण तो डेहराडूनच्या आधीच संपवा.

वाटेवरचे दिवस

सांकरी साधारण साडेसहा हजार फुटांवर आहे. पहिल्या दिवशी देवदार-पाइनच्या जंगलातून जुडा का तालाबपर्यंत, उंची नऊ हजारांच्या आसपास. हिवाळ्यात तळं गोठलेलं असतं. त्यावर उभं राहून फोटो काढायची हौस वाटाड्याने ‘हो’ म्हटल्याशिवाय करू नका. दुसऱ्या दिवशी सव्वाअकरा हजारांच्या सुमाराचा तळ, अंतर थोडं, चढ खडा. तिसऱ्या दिवशी माथा करून खाली हरगावच्या मुक्कामाला, चौथ्या दिवशी परत सांकरी. एकूण चाल वीस किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून ‘एवढंच?’ वाटतं. आपल्या मातीवरचे वीस आणि बर्फातले वीस यांचा मेळ बसत नाही.

वाटेत चहा-मॅगीच्या टपऱ्या लागतात. चहा घ्या, पण प्रत्येक टपरीवर बसकण मारू नका. अंगातला घाम गार पडतो आणि वेळ जातो. आणि मॅगीचं वेष्टण परत खिशात. झाडाच्या बुंध्याजवळून जाताना दोन हात लांबून जा, फांद्यांमुळे बुंध्यालगत बर्फ पोकळ राहतो आणि माणूस कमरेपर्यंत आत जातो.

तळावर पोचल्या पोचल्या तंबूत आडवं पडायचं नाही. आधी ओले मोजे बदला, कोरडा थर्मल घाला, मग अर्धा तास इकडे-तिकडे फिरा. रात्री बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून झोपण्याच्या पिशवीत घ्या. पाय शेकतात आणि सकाळी पाणी गोठलेलं नसतं. बाहेर ठेवायचीच तर बाटली उलटी ठेवा. पाणी वरून गोठत येतं, उलटी ठेवली की बूच मोकळं राहतं. मोबाइल, पॉवरबँक आणि टॉर्चचे सेलही पिशवीत अंगाजवळ घ्या, थंडीत बॅटरी बसते.

रात्री तंबूत हमखास ‘कहाँ से?’ विचारतात. ‘बेळगाव’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘महाराष्ट्र या कर्नाटक?’ याचं उत्तर द्यायला बसलात तर झोप गेली. दुसऱ्या दिवशी तीनला निघायचंय.

उंची लागते तेव्हा

आठ हजार फुटांच्या वर कोणालाही उंचीचा त्रास होऊ शकतो, मग तो पैलवान असो की मॅरेथॉन धावणारा. माथ्यावर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ६३ टक्केच असतो. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. इतपत त्रास असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, पाणी प्यायचं, आराम करायचा, आणि वाटाड्याला सांगायचं. लपवायचं नाही, कारण सगळ्यात जास्त घोळ त्यातच होतो. ‘माझ्यामुळे सगळ्यांना थांबायला नको’ असा आपला भिडस्त स्वभाव इथे घात करतो.

बसल्या जागी धाप लागणं, सतत खोकला, ओठ निळसर पडणं, किंवा एका रेषेत टाचेला चवडा लावून चालायला सांगितल्यावर झोकांड्या जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे की दिवस हे न बघता माणसाला खाली न्यायचं. औषध, ऑक्सिजन देत देत उतरायचं, पण उतरणं थांबवायचं नाही. डायमॉक्ससारखी उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरला विचारूनच, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसं सांगून. गोव्याहून जपून आणलेली बाटली घरीच राहू द्या. दारूने कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब आल्यासारखी वाटते, आणि अंगातली खरी उष्णता भराभर बाहेर जाते.

थंडी अंगात भिनल्याची खूण सोपी आहे : माणूस बोलताना अडखळतो, जॅकेटची चेन लावता येत नाही, चिडतो किंवा एकदम गप्प होतो. त्याला वाऱ्याआड घ्या, ओलं काढून कोरडं घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी पाजा. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, बर्फाने तर नाहीच, शेकोटीजवळही धरू नका. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. हात स्वतःच्या काखेत, पाय सोबत्याच्या पोटाशी.

माथ्याचा दिवस

पहाटे तीनच्या सुमारास निघतात. त्याला कारण आहे. रात्री बर्फ घट्ट झालेला असतो, काटे पकड घेतात, सकाळी आभाळ बहुधा स्वच्छ असतं. दुपारी तोच बर्फ मऊ होऊन पाय रुतायला लागतात आणि ढगही येतात. म्हणून सगळी तयारी आदल्या रात्रीच करा : पिशवी भरलेली, बाटल्या भरलेल्या, टॉर्च गळ्यात, काटे हाताशी. उठल्यावर मोजे, बूट, गेटर, मग काटे याच क्रमाने. गेटर आधी आणि बूट मागून असं केलंत तर सगळं उलगडावं लागतं आणि तोवर बोटं गेलेली असतात. काटे घालताना रबराचा पुढचा भाग आधी चवड्यावर, मग मागचा टाचेवर ओढून घ्या, आणि पुढे-मागे लिहिलेलं असतं ते बघून घ्या. काही खाल्ल्याशिवाय निघू नका, भूक नसली तरी.

चाल अशी ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. दम लागून थांबावं लागत असेल तर वेग जास्त आहे. शेवटच्या चढावर एक पाऊल, मागचा पाय ताठ करून त्यावर क्षणभर भार, एक पूर्ण श्वास, मग दुसरं पाऊल. हळू दिसतं, पण धावत-थांबत जाणारे या चालीपुढे मागे पडतात. पुढच्या माणसाच्या पावलांच्या खाचांतच पाय ठेवा. खाच नसेल तर चवड्याने दोन ठोकर मारून पायरी करा. कडेला बर्फाचा पुढे आलेला सज्जा दिसला तर त्याच्या जवळही जाऊ नका, खाली आधार नसतो. नुकताच खूप बर्फ पडला असेल तर खड्या, उघड्या उतारावर एक-दोन दिवस न गेलेलं बरं. हिमस्खलन बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतं आणि बहुतेक वेळा ताज्या बर्फानंतर लगेच. तिथे वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालायची नाही.

परत फिरायची वेळ निघतानाच ठरवा आणि सगळ्यांना मोठ्याने सांगा. समजा साडेनऊ ठरली, तर साडेनऊला माथा शंभर पावलांवर असला तरी वळायचं. हे खालून वाचताना पटतं आणि वर गेल्यावर कोणालाच पटत नाही, म्हणूनच ते आधी ठरवायचं असतं.

माथ्यावर दगड रचलेलं शिवाचं छोटं ठाणं आहे, त्रिशूळ आहे. आभाळ उघडं असेल तर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काला नाग समोर उभे असतात. वारा जोरात असतो. फुगीर जॅकेट, फोटो, करदंटाचा तुकडा, गरम पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागा.

उतरताना

बहुतेक जण पडतात ते उतरताना. टाच आधी रोवा, गुडघा सैल, काठ्या थोड्या लांब करून पुढे. बसून घसरत जायचा मोह सगळ्यांना होतो. पायात काटे असताना ते कधीही करू नका. काटा बर्फात अडकतो, अंग पुढे जातं आणि घोटा मोडतो. वाटाड्याने जागा दाखवली, खाली सपाटी दिसत असली, तरच काटे काढून घसरा.

सांकरीत सामान परत करण्याआधी काट्यांतला बर्फ झटका, गेटर कोरडे करा, अनामत रक्कम मोजून घ्या. वाटाड्याला आणि स्वयंपाक्याला वेगवेगळी बक्षिसी द्या. डेहराडूनची जीप आदल्या संध्याकाळीच ठरवा. बर्फ पडला तर सांकरीचा रस्ता एखादा दिवस बंद राहू शकतो, म्हणून दिल्लीहून बेळगावचं परतीचं तिकीट काढताना मध्ये एक दिवस मोकळा सोडा.